आठ ओळींपर्यंत

लेयोआ,
३ फेब्रुवारी १९९४

ती. कोल्दोदादास,
लिबेचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल पोचलं. पाकिटाला डिझेलचा इतका वास होता की माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने ते खिडकीबाहेर चिमट्याने वाळत घातलं होतं. तू धडधाकट आहेस, ट्यूना सापडतोय आणि मुसच्या पत्त्यांच्या डावात तू सगळ्यांना हरवतोस, एवढं कळलं. शेवटचं खोटं आहे हे आमालाही कळतं, आई आहे ती तुझी.

गेली पाच वर्षं मी नेमकं मोजते तरी काय, असं तू विचारलंस. ऐक. मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांची चौकट. माझ्या चौकटीत कर्णावर सगळे एक, कर्णाखाली सगळी शून्यं आणि वरच्या बाजूला काय हवं ते. पण माझ्या जगात संख्याच मोजक्या असतात. कधी फक्त दोन, शून्य आणि एक, आणि तिथे एक अधिक एक म्हणजे पुन्हा शून्य. आता खेळ असा: खालची एक ओळ वरच्या ओळीत मिळवायची आणि लगेच स्तंभांत त्याची उलटी भरपाई करायची, म्हणजे वरच्या ओळीच्या क्रमांकाचा स्तंभ खालच्या ओळीच्या क्रमांकाच्या स्तंभातून वजा करायचा. असं करत करत एका चौकटीवरून ज्या ज्या चौकटींपर्यंत पोचता येतं, त्या सगळ्या एका घराण्यातल्या. अशी घराणी किती, तेवढंच मी मोजते. तीन ओळींचं तू काडेपेटीच्या काड्या घेऊन करून बघ, जमेल.

आठ ओळींपर्यंतचं माझं झालं आहे. आता नऊ. हा आकडा शून्य असेल तर एक फांदी, नसेल तर दुसरी, आणि प्रत्येक फांदीला पुन्हा फांद्या. बसवत नाही रे. दहा मिनिटं लिहिते आणि उठून पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालते. माझ्या मार्गदर्शक मातिल्दे बाई म्हणाल्या की तुझ्यामुळे आम्हाला बोटीवर असल्यासारखं वाटतं.

जूनमध्ये प्रबंध द्यायचा आहे. नऊ ओळींचं सूत्र त्यात असलं तर इथल्या विद्यापीठातली शिकवण्याची जागा मलाच मिळेल असं सगळे म्हणतात. तू माइताने वहिनीला म्हणालास म्हणे, लिबेचं संपलं की मी जहाज सोडतो. धक्क्यावर जाळं सांधता सांधता आमाने मला हे सांगितलं. ऐकून बरं वाटलं, आणि का कोण जाणे, अस्वस्थही झाले.

लोभ आहे तेवढा पुरे, पण पत्रं वाढव.

तुझी,
लिबे

व्हिक्टोरिया बंदर,
२७ फेब्रुवारी

चि. लिबे हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या काड्यांनी आमच्या बोटीवर दंगल होता होता राहिली. जेवणाच्या टेबलावर मी, आमचा गालिसियाचा आचारी सूसो आणि म्हातारा चोमिन असे बसलो. काडी म्हणजे एक, रिकामी जागा म्हणजे शून्य. कर्णाच्या वरच्या बाजूला तीन जागा, म्हणून आठ चौकटी. तू सांगितलेला खेळ करत बसलो. सूसोचं म्हणणं सगळ्या एकाच घराण्यातल्या निघणार. चोमिनचं म्हणणं एकही दुसरीला मिळणार नाही, कारण त्याचा नातेवाइकांवर विश्वासच नाही. शेवटी घराणी निघाली पाच. जिच्यात एकही काडी नाही ती एकटी, जिच्यात फक्त कोपऱ्यातली काडी तीही एकटी, आणि उरलेल्या सहा जोडीजोडीने. पाच बरोबर का ते कळव. चूक असेल तर कळवू नकोस, सूसोने पैज हरून दोन दिवस माझे कपडे धुतले आहेत.

चोमिन तुला आठवत असेल, आयताबरोबर, आपल्या वडिलांच्या जोडीला, जुन्या बोटीवर असायचा तो. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला, ओन्दार्रोआत मोठी मेजवानी दिली, आणि उन्हाळा संपायच्या आत परत बोटीवर हजर. घरात खुर्ची कुठे ठेवायची यावरून बायकोशी वाजायचं, म्हणतो. माझ्या शेजारीच झोपतो. इंजिनाचा आवाज जरा बदलला की आम्ही दोघंही एकदम उठून बसतो.

तू जून म्हणालीस. मी माइतानेला जूनच कळवलं आहे. आमच्या बेन्यातला म्हणे आता सायकल हवी. चार वर्षांच्या पोराला सायकल कशाला, असं मी रेडिओफोनवर म्हणालो, तर ती म्हणाली की तो आता पाच वर्षांचा आहे. शेजारी बसलेले सगळे ऐकत होते, म्हणून जास्त बोललो नाही.

घाई कर, पण जेवत जा. आमाला सांभाळ.

तुझा,
कोल्दो

लेयोआ,
२० मार्च

ती. कोल्दोदादास,
सा. न. वि. वि.

पाच अगदी बरोबर. सूसोला सांग, आणखी आठवडाभर कपडे धू.

माझं मात्र बिनसलं आहे. नऊ ओळींचं सूत्र मागच्या आठवड्यात पुरं झालं. आमच्याकडे गोर्का नावाचा मुलगा आहे, त्याने हौसेने संगणकाला कामाला लावलं. फक्त शून्य आणि एक घ्यायचे आणि नऊ ओळींच्या चौकटींची घराणी वेगळ्या वाटेने, माझ्या फांद्यांना हातही न लावता मोजायची. यंत्र चार दिवस कुरकुरत होतं. त्याचं उत्तर माझ्यापेक्षा जास्त आलं. फार नाही, थोडंच. फार असतं तर बरं झालं असतं, चूक ढळढळीत दिसली असती.

म्हणजे कुठेतरी वेगवेगळी घराणी मी एकच समजून बसले. कुठे, ते सापडत नाही. सगळ्या फांद्या पुन्हा पहिल्यापासून चाचपते आहे. जेवताना उठते, बसमधून एक थांबा आधीच उतरून चालायला लागते. काल आंघोळीला गेले आणि कोरडीच बाहेर आले, लक्षातच नाही.

गोर्का म्हणाला, यंत्राचं कोणाला कळणार आहे, मी बोलत नाही आणि हे सगळं पुन्हा मोजायला बसेल असा वेडा जगात दुसरा नाही. तो वाईट मुलगा नाही, माझ्याकडे बघवत नव्हतं म्हणून बोलला. मातिल्दे बाईंना मी स्वतःच जाऊन सांगितलं. त्या मग म्हणाल्या की चूक सापडली तर उत्तम, नाही सापडली तर आठपर्यंतचं दे, पण त्या जागेचं मग मी काही सांगू शकत नाही. नाव तुझं लागणार, तेव्हा तूच ठरव.

जून जमेल असं वाटत नाही. रागावू नकोस.

उत्तर लिहिशील ना, एवढ्या आशेवर थांबते.

तुझी,
लिबे

ओन्दार्रोआ,
२ एप्रिल

चि. लिबे हिस,
माइताने वहिनीचा सप्रेम आशीर्वाद. वि. वि.

तू मागच्या रविवारी आलीस, माशाचा मार्मिताको ताटात तसाच टाकलास आणि मला काही न बोलता निघून गेलीस. नंतर आमाने सांगितलं की तुझं जूनचं पुढे गेलं. म्हणून लिहिते. तोंडावर बोलले असते तर भांडण झालं असतं.

मला तुझं गणित कळत नाही आणि कळायचा आवही मी आणत नाही. पण बाई, नऊ नाही तर आठ, आठ नाही तर सात, जे आहे ते बांध आणि देऊन टाक. नाहीतर ते नऊच दे, जसं आहे तसं. गोर्का म्हणतो कोणी बघत नाही, हेही आमानेच सांगितलं. तुझा भाऊ सप्टेंबरात पुढच्या करारावर सही करतो. जून म्हणजे त्याच्या आत होतं. उद्या तुझं डिसेंबरला गेलं की तो मला कळवणार, लिबेचं अजून व्हायचंय, एवढा एक करार. हे मी तोंडपाठ म्हणू शकते.

बेन्यात परवा शाळेत विचारून आला की ज्यांचे आयता घरी राहतात ते दिवसभर करतात काय. बाईंना हसू आलं. मला नाही आलं.

रागावलीस तर रागाव, पण माझा विचार कर. तुझ्यावरची माया कमी झाली म्हणून हे लिहीत नाही.

तुझी,
माइताने

लेयोआ,
९ एप्रिल

सौ. माइताने वहिनीस,
सा. न. वि. वि.

रागावले नाही. पत्र दोनदा वाचलं आणि नदीकाठाने चालत थेट पोर्तुगालेतेच्या पुलापर्यंत गेले.

जे चूक आहे ते बरोबर म्हणून मी देऊ शकत नाही, वहिनी. कोणी बघो न बघो. पुढची मुलं दहाच्या मागे लागतील ती माझ्या नवावर उभी राहून. हे तुम्हाला हट्टीपणाचं वाटेल, आणि थोडं आहेही.

पण एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी होती. मला तीन वर्षांपूर्वी शिष्यवृत्ती लागली तेव्हाच मी दादाला कळवलं होतं की आता माझ्यासाठी काही पाठवू नकोस. तेव्हापासून त्याने पाठवलेलंही नाही. आयता गेल्यावर तो माझ्या शाळेसाठी समुद्रावर गेला हे खरं, ते मी जन्मभर विसरणार नाही. पण आताचे करार माझ्यासाठी नाहीत. कोणासाठी आहेत ते मला माहीत नाही.

हे मी त्यालाही लिहिते आहे.

बेन्यातला पापा. तुमचा राग उतरेपर्यंत मी दारातूनच हाक मारीन.

तुमची,
लिबे

लेयोआ,
१८ एप्रिल

ती. कोल्दोदादास,
सा. न. वि. वि.

चूक सापडली. एका फांदीत दोन गुणाकारांची बेरीज येते. चारही आकडे शून्य नाहीत, म्हणून बेरीजही शून्य नाही असं मी धरून चालले आणि पुढचा आकडा बिनधास्त पुसून टाकला. पण बेरीज शून्य होऊ शकते. शून्य आणि एकाच्या जगात तर नेहमीच होते. तिथे तो आकडा पुसला जात नाही, आणि एका घराण्याची अनेक होतात. शाळेतल्या पोराने धरावी अशी चूक. ती दुरुस्त केली तरी यंत्राशी जुळत नाही. फरक कमी झाला, संपला नाही. म्हणजे अशी आणखी कुठेतरी आहे, कदाचित अनेक ठिकाणी.

म्हणून ठरवलं, प्रबंध आठ ओळींपर्यंतच. ऑक्टोबरमध्ये परीक्षक बसतील. जागा मिळेल असं वाटत नाही.

आता दुसरं. तू वहिनीला माझं नाव सांगून करार करतोस. मी तुझ्याकडून तीन वर्षांत एक पेसेता घेतलेला नाही, हे तुला आणि मला माहीत आहे. तुला बोटीवर राहायचं असेल तर राहा, पण माझ्या गळ्यात तुझे हंगाम अडकवू नकोस. मी इथे रोज चालून चालून पाय तोडते आणि त्यात मला वाटतं की माझ्या प्रत्येक चुकीमागे बेन्यात खिडकीत उभा आहे. हे मला सोसत नाही. मी कधी संपवणार ते मला ठाऊक नाही, पण माझं संपलं तरी तू उतरणार नाहीस असं मला वाटतं. खोटं ठरव.

धाकटी असून बोलले. माया आहे म्हणूनच बोलले, एवढं समजून घे.

तुझी,
लिबे

समुद्रावरून,
११ मे

चि. लिबे हिस,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. तू शिकलीस, तुला सगळं कळतं. इथे यंत्रखोलीत पन्नास अंश गरमी आहे आणि डावीकडचा पंप गळतो. मला लिहायला वेळ नाही.

आमाला नमस्कार.

कोल्दो

बेर्मेओ,
१९ जून

चि. लिबे हिस,
सप्रेम आशीर्वाद. वि. वि.

पत्ता बघून दचकली असशील. मी आणि बेन्यात माझ्या बहिणीकडे राहायला आलो. इथल्या मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात मला काम लागलं आहे. हातांना वास येतो, पण तो ओन्दार्रोआतही येतच होता. आमाला सांगूनच निघाले. तिने बेन्यातच्या पिशवीत जाळ्याचा एक तुकडा घातला, फुटबॉलच्या गोलसाठी.

तुझ्या एप्रिलच्या पत्राचं उत्तर राहिलं. लिबे, तुझ्या शिष्यवृत्तीचं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आमाने तेव्हाच सांगितलं होतं. तरी मी त्याला तुझं नाव सांगू दिलं, कारण त्या बहाण्याला निदान शेवट होता. लिबेचं संपलं की, असं तो म्हणायचा तेव्हा माझ्यापुढे काहीतरी तारीख असायची. तू ती काढून घेतलीस. त्या दिवशी तुझा फार राग आला. मग रिकामं रिकामं वाटलं, आणि मग मी बहिणीला फोन केला.

त्याला मी एवढंच लिहिलं आहे की आम्ही बेर्मेओत आहोत, दार उघडं आहे, पण मी आता धक्क्यावर येऊन उभी राहणार नाही.

तू आठ ओळींचं नीट पार पाड. परीक्षकांसमोर जाताना केस विंचर.

तुझीच,
माइताने

व्हिक्टोरिया बंदर,
३० जुलै

चि. लिबे हिस,
अनेक आशीर्वाद.

मागचं पत्र मी रागात लिहिलं. पंप मात्र खरंच गळत होता.

इथे बंदरात लागलो तेव्हा टपालाची पिशवी आली. माझ्यासाठी माइतानेचं, चोमिनसाठी त्याच्या बायकोचं. माझं मी खिशात ठेवलं. चोमिनने त्याचं टेबलावरच फोडलं. धाकट्या मुलीचं लग्न झालं. तारीख अचानक ठरली, बोट कुठे आहे ते कळेना, म्हणून थांबले नाहीत. सोबत फोटो. नवरी देवळाच्या पायऱ्या चढते आहे आणि तिच्या हाताला धरून तिचा मामा. चोमिनने चष्मा लावून खूप वेळ पाहिलं आणि म्हणाला, माझा सूट मेव्हण्याला चांगला बसलाय. आम्ही सगळे हसलो. तोही हसला आणि पत्ते पिसायला लागला.

मी खाली यंत्रखोलीत गेलो. तिथे काही काम नव्हतं, इंजिन बंद होतं. तेव्हा माइतानेचं पत्र वाचलं. तुझं एप्रिलचंही पुन्हा वाचलं. घरी आलो की तिसऱ्या दिवसापासून माझ्या अंगात मुंग्या चालायला लागतात, हे तुला माहीत आहे. दारं दुरुस्त करतो, नळ दुरुस्त करतो, मग दुरुस्त करायला काही राहत नाही आणि सगळे माझ्याकडे बघतात. तिथे मी कोणाच्या मध्ये उभा आहे तेच समजत नाही. बोटीवर प्रत्येकाची जागा ठरलेली असते.

सप्टेंबरच्या विमानाने नवी पाळी येते आहे. कप्तानाला सांगितलं की माझ्या जागी माणूस बघ. तो म्हणाला, कायमचा का? मी म्हणालो, विमान तर पकडू दे.

चोमिन राहतोय. त्याने तुला सांगायला सांगितलं आहे की चार ओळींचं काड्यांनी होत नाही, टेबल पुरत नाही.

माया असू दे.

तुझा,
कोल्दो

बेर्मेओ,
३० ऑक्टोबर

चि. लिबे हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बेर्मेओहून तासाभरावरच्या लेयोआला पत्र घालणारा मी पहिलाच असेन. फोन आहे, पण फोनवर मला बोलता येत नाही, समोर तर त्याहून नाही. तुझ्या परीक्षेनंतरच्या जेवणावळीत तुझ्याभोवती माणसं होती म्हणून राहिलं, ते लिहितो.

इथे माइतानेच्या बहिणीने मला वरच्या मजल्यावरची खोली दिली आहे. पहिले काही दिवस पलंग हलत नाही म्हणून मी जमिनीवर झोपलो. बेन्यात मला पाहुणा समजतो. जेवताना मला आधी वाढा म्हणून आईला सांगतो. धक्क्यावर इंजिन दुरुस्तीच्या दुकानात जातो आहे, त्यामुळे घरातले नळ वाचले.

परीक्षेच्या दिवशी आम्ही शेवटच्या बाकावर होतो. आमा, माइताने, बेन्यात आणि मी. तू फळ्यावर काय लिहीत होतीस त्यातलं तीन ओळींचं तेवढं मला ओळखू आलं. मी माइतानेच्या कानात म्हणालो की ही पाच घराणी, तर तिने मला गप्प केलं. मग तो पांढऱ्या मिशीवाला परीक्षक म्हणाला की तुम्ही नऊपर्यंत गेल्याचं ऐकलं होतं, मग इथे आठवरच का थांबलात. तू खडू खाली ठेवलास आणि म्हणालीस की नवाचं केलं होतं, ते चुकलं, एक चूक सापडली, आणखी किती आहेत ते मला माहीत नाही. एवढंच. पुढे सारवासारव नाही, हसून घेणं नाही. म्हाताऱ्याने मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. आमा हळूच म्हणाली की मुलगी घसरली वाटतं. तू घसरली नव्हतीस, ते नंतर निकाल वाचला तेव्हा तिला कळलं. जेवताना तिने त्याच म्हाताऱ्याला स्वतःच्या ताटातला मासा वाढला.

ती जागा दुसऱ्याला गेल्याचं माइतानेकडून समजलं. आता गेर्निकाच्या शाळेत लागली आहेस, तिथे शिकवता शिकवता तू नवाच्या मागे लागणार हे आम्ही धरून चाललो आहोत. चालायला तिथे डोंगरही आहे.

आता मला सांगायचं ते. परत येताना बसमध्ये बेन्यात माइतानेच्या मांडीवर झोपला होता. तिने खिडकीतून बाहेर बघतच विचारलं, कंपनीचं पत्र आलंय ना, जानेवारीत जाणार का. माझ्याकडे उत्तरं तयार होती. नाही म्हणणार होतो. एकदाच शेवटचं, असंही तोंडात आलं होतं. आणि मी म्हणालो, माहीत नाही. माझा आवाज मलाच नवा वाटला. ती भांडेल म्हणून मी सावरून बसलो. ती मग म्हणाली की इतक्या वर्षांत मला पटलेलं तुझं हे पहिलंच उत्तर.

पुढच्या वळणावर तिने बेन्यातला उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं, तिचा पाय बधिर झाला होता म्हणून. पोरगं जड झालं आहे. झोपेत त्याने माझ्या शर्टाचं बटण मुठीत धरलं. बेर्मेओ येईपर्यंत माझेही दोन्ही पाय बधिर झाले. मी हललो नाही.

रविवारी जेवायला ये. आमाही येते आहे. लोभ कसा ठेवायचा ते तुला सांगायला नको.

तुझा,
कोल्दो